तुझी खूण, माझं मनगट

गणपत,

हे अक्षर बघितलंस तर म्हणशील, पंतांनी कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडलेत. डाव्या हाताचं आहे. उजवा सध्या गळ्यात टांगलाय, आणि तो तिथे कसा गेला हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुझ्याबद्दल काही गंभीर लिहा, असं मंडळी म्हणाली. मी बसलो. 'कैलासवासी' एवढं लिहून झालं आणि तू कैलासावरही कोणाच्या तरी कानाखाली आवाज काढतोयस असं दिसायला लागलं. मग ते खोडलं.

तुझी-माझी ओळखच मुळी थपडेने झाली. मॅट्रिकला आपटून मी एका वकिलाच्या कचेरीत नकला करायला लागलो होतो, आणि एका नकलेत वादीचा प्रतिवादी करून ठेवल्यामुळे लवकरच मोकळाही झालो होतो. माळीवाड्याच्या मोटार अड्ड्यामागे तुझं पत्र्याचं दुकान. मी म्हणालो, मला मोटारीचं काम शिकायचंय. तू माझ्या शेंडीकडे बघितलंस आणि एका गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये रोटर बसवायला दिलास. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनाच्या चार सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा, आणि रोटर म्हणजे त्या पंगतीतला वाढपी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याची खाच झिजलेली, कसाही बसत होता. मी वाढपी बरोबर उलट्या तोंडाने उभा केला.

सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या न्हाव्याचा हात उडाला आणि त्याच्यापुढे बसलेल्या पेन्शनर हवालदाराच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत तांबडी रेघ उमटली. हवालदार अर्ध्या दाढीने, रक्त पुसत, काठी घेऊन आला आणि मालक म्हणून ती तुझ्या पाठीत घातली. तू काठी त्याच्या हातातून काढून घेतलीस, गुडघ्यावर मोडलीस, दोन्ही तुकडे अदबीने त्याला परत दिलेस. मग वळून मला अशी एक ठेवून दिलीस की आमच्या आळीतल्या मारुतीची घंटा मला तुझ्या दुकानात ऐकू आली.

"उद्या लौकर ये," तू म्हणालास.

मी गेलो. का गेलो, हे मला आजही सांगता येत नाही. कचेरीत कोणी मारत नव्हतं, हे एक कारण असेल.

पुढे मी पॉइंटला तेल घातलं. पॉइंट म्हणजे डब्याच्या आतली टिकलीएवढी दोन टोकं. ती उघडली की ठिणगी पडते. ती कोरडी लागतात. यंत्र म्हटलं की तेल, एवढ्या ज्ञानावर मी ती न्हाऊ घातली. तू लांबूनच पाना फेकलास. नेम चांगला होता. माझ्या डाव्या भुवईत जी खाच आहे ती त्या पान्याची.

"पॉइंटाला तेल? ती काय तुझी शेंडी हाय व्हय रं?"

टाके घालायला नेताना सबंध रस्ताभर माझ्या कपाळावर तुझा पंजा दाबलेला होता आणि तोंडाने तू मलाच ऐकवत होतास, की पाना वाकला असता म्हणजे, लढाईच्या दिवसांत पाने मिळतात कुठं.

ते मात्र खरं होतं. लढाई लागली आणि सुटे भाग यायचे बंद झाले. आणि नेमकी तेव्हा तुझी मडम आजारी पडली. मडम म्हणजे भिंगारच्या छावणीतल्या एका साहेबाने जाताना विकलेली जुनाट, उघड्या टपाची टूरर मोटार. ती नगर-पाथर्डी भाड्याने पळवायची, मग दुसऱ्याच्या गाडीखाली झोपायला नको, हे तुझं स्वप्न. तू तिला मडम म्हणायचास आणि हौसावहिनी तिला सवत म्हणायच्या. बायकोला दाखवली नाहीस तेवढी माया तू त्या पत्र्याला दाखवलीस, असं त्यांचं म्हणणं, आणि मी साक्षीदार आहे.

तिचा डिस्ट्रिब्युटर पार खिळखिळा झाला होता. मधला दांडा ज्या धातूच्या कड्यात, म्हणजे बुशात, फिरतो तो बुश एवढा झिजलेला की दांडा अंगात देवी आल्यासारखा डुलायचा. पॉइंट उघडणारा ठोकळा तर घासून संपलाच होता. तू म्हणालास, म्हशीच्या शिंगाचा करू, शिंग उकळलं की मऊ पडतं. उकळायचं काम माझ्याकडे. मी शिंग घरी नेलं. आई देवळात गेली होती, चुलीशेजारी पातेलं दिसलं, मी त्यात टाकलं. ते सोवळ्यातल्या भाताचं पातेलं होतं, हे मला त्यातून वाफ यायला लागल्यावर आठवलं.

आई दारातच थबकली. "मेल्या, काय शिजतंय?"

"शिंग."

"कुणाचं?"

"म्हशीचं."

त्यानंतर लाटणं माझ्या पाठीवर मोडलं आणि पातेलं मानेवर आदळलं. मी चिमट्यात वाफाळतं शिंग धरून उघड्या अंगाने आळीतून पळालो. तू दिवसभर हसत होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर नवं कोरं पितळेचं पातेलं होतं, आणि तू पायरीखाली मान घालून उभा होतास. मी तुला मान घालून उभं राहिलेलं तेव्हा एकदाच पाहिलं. आईने तुला ओट्यावर बसवून चहा दिला, आणि तू गेल्यावर मला म्हणाली, "तो गुंड तुझ्यापेक्षा बरा आहे."

आता भांडणाचं बोलू. आपलं शेवटचं, अर्धवट राहिलेलं.

डिस्ट्रिब्युटर जागेवर बसवताना त्याची मान जराशी फिरवून कुठे आवळायची त्यावर ठिणगी लवकर पडणार की उशिरा, हे ठरतं. फार लवकर पडली तर इंजिन सुरू करायचं हँडल उलटं फिरतं. मागे बुश झिजायला लागला तेव्हा दांडा बाजूला रेलून पॉइंट उशिरा उघडायला लागले. तू मान पुढे फिरवून तो उशीर भरून काढलास, करंजीचा घाट चढवून दाखवलास, आणि खाली उतरून छिन्नीने डब्यावर आणि इंजिनावर एक खूण मारलीस. त्या दिवसापासून ती खूण म्हणजे तुझं गोत्र. कोणी तिच्यावर बोट ठेवलं की तुझा हात कानस शोधायचा.

त्या सकाळी तू लेथवर नवा बुश कातलास. भंगारात सापडलेल्या तोफधातूचा, असा गुळगुळीत की मला तो अंगठीसारखा घालावासा वाटला. आणि मी, गप्प बसता येत नाही म्हणून, बोललो.

"बुश नवा बसला की तुझी खूण खोटी पडणार."

"करंजीचा घाट चढली ती ह्याच खुणंवर. तू हुतास का तवा?"

"होतो. मागून ढकलत होतो."

"मग गप ऱ्हा."

"अरे, दांडा डुलत होता तेव्हाची खूण ती. आता डुलणार नाही. त्याच खुणेवर ठेवलंस तर ठिणगी भलतीच लवकर पडेल आणि हँडल उलटं मारेल."

"खुणंला हात लावलास तर बोटं तोडीन."

"तोड. पण आधी डोकं वापर."

माझी कॉलर तुझ्या मुठीत होती. तुझा दुसरा हात वर गेला होता, आणि त्या हाताखाली यायला मी तयार होतो, कारण या वेळी मी बरोबर होतो. तेवढ्यात अड्ड्यावरून ओरडा झाला आणि तू माझी कॉलर सोडलीस. ती थप्पड माझी राहून गेली, गणपत.

दोन सर्व्हिस मोटारींचे एजंट एका म्हातारीला दोन दिशांना ओढत होते. तिला तिसगावला जायचं होतं आणि दोघांनाही ती आपल्याच गाडीत हवी होती. गाठोडं फाटून बाजरी मातीत सांडली होती, चोळीची बाही खांद्यापासून उसवली होती, आणि ती नुसतं "बाजरी, बाजरी" म्हणत होती.

तू तुझ्या रीतीप्रमाणे फेटा काढलास. मारामारीला उतरायच्या आधी फेटा माझ्या हातात द्यायचा, हे आपलं ठरलेलं. लग्नातला फेटा, अबोली रंगाचा. नाक फुटलं तर चालेल, फेटा मळता कामा नये.

"धर, पंत. माती लागली तर तुझ्या आईच्या पातेल्यात धुवीन."

हे तुझे शेवटचे शब्द. ते असे असतील याची मला कल्पना असती तर मी हसलो नसतो. की हसलो असतो? हसलोच असतो.

पहिल्याला तू कानाखाली दिलीस, तो बाजरीत पालथा झाला. दुसऱ्याचं मनगट पिळलंस, तो गुडघ्यावर आला, म्हातारी सुटली. त्यांचा तिसरा साथीदार गाडीमागून आला. त्याच्या हातात इंजिन फिरवायचं हँडल होतं. आवाज नारळ फोडल्यासारखा झाला. मी पुष्कळ नारळ फोडलेत. आता फोडणार नाही.

तू खाली बसलास, पाटावर बसावं तसा, सावकाश. मी धावलो आणि त्या तिसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. जन्मातला पहिला. तो त्याच्या दातांवर लागला, माझीच बोटं सोलली, आणि लोकांनी मला बाजूला केलं. टांग्यात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी धोतराचा सोगा चुरगाळून जखमेवर दाबत होतो, तो भिजला की दुसरा. फेटा काखेत घट्ट धरलेला. इस्पितळाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माझं धोतर कमरेपर्यंत लाल होतं आणि फेट्याला एक डाग नव्हता. एवढं लांब कापड जवळ होतं आणि मी ते मळू दिलं नाही. डॉक्टरांनी तुझी पापणी उघडून बघितली, मान हलवली, आणि मी त्यांना विचारलं, "हा फेटा कुठे ठेवू?"

हँडलवाल्याला पोलिसांनी नेलंय. पुढचं सरकार बघेल.

प्रत्येक गोष्टीवर मी तुझ्याशी हुज्जत घातली. बुशवर, तेलावर, घाटावर, देव आहे की नाही यावर. फेटा घेताना मात्र कधी एका शब्दाने नाही.

राख सावडून आलो त्या दिवशी हौसावहिनी दुकानात आल्या. हातात घण. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मडमचा डावा दिवा फोडला, मग मडगार्डवर असा घाव घातला की पत्रा चाकात शिरला. तिसरा घाव बॉनेटवर पडणार होता. मी मध्ये गेलो. घण माझ्या कपाळापासून चार बोटांवर थांबला.

"बाजूला व्हा, भावजी."

"वहिनी, गाडीने काय केलंय?"

"ही चालू असती तर तुमी दोघं त्या वक्ताला पाथर्डीच्या वाटंवर असता. अड्ड्यावर न्हाई."

मी रेडिएटरला पाठ लावून उभा राहिलो.

"थोरले दीर न्यायला आल्यात," त्या म्हणाल्या. "गावाकडं मला कसं ठिवतील ते तुमाला ठावं हाय. ही चालू झाली तर माजा भाऊ चालवील, मी हितंच नगरात ऱ्हाईन. न्हाई झाली तर तेरावं झालं की मी गेले. पन जायच्या आदी हिचा चुरा करून जाईन."

घण त्यांनी दाराशी उभा करून ठेवला. मला दिसेल असा.

मग मी तुझ्या बाकाशी बसलो. तू कातलेला बुश वर्तमानपत्राच्या कपट्यात तसाच होता. एरवी मी त्याच्यावर हातोडा घातला असता. या वेळी दोन लाकडी ठोकळ्यांत धरून बाकाच्या व्हाइसमध्ये आवळत आवळत आत बसवला. दांडा घातला. गणपत, तो डुलला नाही. चहूबाजूंनी ढकलून बघितला, जागचा हलला नाही. तुझं माप केसाएवढंही चुकलं नव्हतं, आणि हे तोंडावर सांगायला तू नव्हतास. जन्मात एकदा तुझी स्तुती करायची वेळ आली तेव्हा तू असा गेलास. शिंगाचा ठोकळा घासून बसवला. पॉइंटमधलं अंतर पोस्टकार्डाच्या जाडीचं ठेवलं. डब्याच्या टोपीत वाढप्याला वीज पोचवणारा कोळशाचा तुकडा असतो, तो बॅटरीच्या जुन्या सेलमधला तासून घातला. नको तिथे तेल कुठेही घातलं नाही.

राहिली मान फिरवून आवळणं. मी तुझ्या खुणेकडे बघितलं. छिन्नीचा एकच घाव, जरा तिरका, तुझ्या चालण्यासारखा. ती खोटी आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्यावरूनच तर तू माझी कॉलर धरली होतीस. पण माणूस गेल्यावर त्याच्याशी कसलं भांडायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं. वाटलं, गणपतला एकदा जिंकू दे. मी खुणेला खूण जुळवली, बोल्ट आवळला, आणि वर हात जोडले.

वहिनी दाराशी उभ्या होत्या, थोरले दीर पानाला चुना लावत होते. मी हँडल घातलं. तू मला कितीतरी वेळा सांगितलं होतंस की अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलला वेढा घालू नको. मी वेढा घातला. आणि सगळा जोर लावून ओढलं.

ठिणगी भलतीच लवकर पडली. हँडल उलटं फिरलं. माझ्या मनगटातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला, हँडलने सुटता सुटता हनुवटीवर टोला दिला, आणि मी रेडिएटरवरून घसरत जमिनीवर आलो. तोंडात रक्ताची चव, उजवा पंजा भलत्याच दिशेला. माणूस अशा वेळी आईला हाक मारतो. मी ओरडलो, "गणप्या, सांगितलं नव्हतं तुला?"

दिरांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

मी वाद जिंकलो होतो. शिव्या द्यायला कोणी नव्हतं. तू असतास तर मी हट्टाने खूण सोडली असती, तू मला हाणलं असतंस, मी तुला चावलो असतो, आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी बरोबर जागा सापडली असती. तुझ्याशी भांडून माझी एक भुवई गेली. तुझं ऐकून हात गेला. या हिशेबाने मी तुझ्याशी आयुष्यभर भांडलो ते बरंच केलं.

इस्पितळातून आणून मी दुकानात खुंटीला लावलेला तुझा फेटा वहिनींनी काढला.

"वहिनी, तो नको. मळेल."

"मळू द्या." त्यांनी तो फाडला नाही, दुमडून माझ्या हाताखालून घेतला आणि गळ्यामागे अशी गाठ आवळली की मी पुन्हा ओरडलो. "त्या दिशी मळला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला. "आता सांगा, काय कुठं फिरवायचं ते."

डाव्या हाताने मी बोल्ट सैल केला, मान थोडी मागे आणली, खुणेपासून दूर, जिथे मी त्या सकाळी आणायची म्हणत होतो तिथे. आवळला. वहिनींना अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलं. त्यांनी बरोबर ठेवला. पहिल्या ओढीला मडम नुसती खोकली.

"सटवे," वहिनी म्हणाल्या, "माजा नवरा खाल्लास. आता तरी बोल."

दुसऱ्या ओढीला त्यांचा सगळा राग हँडलवर होता. मडम बोलली. आधी दोन सिलिंडर, मग तिसरा, मग चारही, एका लयीत, तुझ्या हयातीत कधी बोलली नव्हती तशी. धूर छपरापर्यंत गेला. वहिनींनी बॉनेटवर मूठ आपटली, एकदा, दोनदा, पोचा पडेपर्यंत. मग पायफळीवर बसल्या आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. इंजिनाबरोबर फळी थरथरत होती, त्या थरथरत होत्या, आणि कोणाचं काय ते कळत नव्हतं. थोरले दीर तेराव्यापर्यंत थांबले आणि एकटेच गावाला गेले.

तुझी खूण मी घासून टाकली नाही. तिच्याशेजारी माझी मारली, डाव्या हाताने. ती इतकी वाकडी आली की पुढे कोणी गाडी उघडली तर म्हणेल, इथे दोन माणसांची मारामारी झाली होती. म्हणू दे.

फेटा अजून माझ्या गळ्यात आहे. वंगण लागलंय, हनुवटीचं रक्त लागलंय. हाड जुळलं की धुईन. आईने तुझं पातेलं आजच काढून ठेवलंय. म्हणाली, त्यातच धू, त्याची इच्छा होती. धुऊन घडी घालून ठेवीन. कधी मागायला आलास तर तो हातात देणार नाही. खाली बस म्हणेन. तू शिव्या देशील, मीही देईन. तुझ्या डोक्यावर घट्ट बांधीन, आणि मग म्हणेन, जा आता कुठे जायचंय तिथे मारामारीला.